चीनमध्ये स्कीइंगला जायचंय? मराठी प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बीजिंगमध्ये चार हिवाळे काढले. मी पहिल्यांदा स्की पायात बांधली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तेव्हापासून पुण्या-मुंबईहून, नाशिकहून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे प्रश्न विचारत असतात, आणि ते बहुतेक तेच तेच असतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आपल्याकडे गुलमर्ग आणि औली असताना चीन कशाला?

तुम्हाला स्की आधीपासून येत असेल आणि आभाळातून पडलेल्या भुसभुशीत बर्फात उतरायचं असेल, तर गुलमर्गलाच जा. तिथल्या अफरवाट शिखराच्या उतारांची सर चीनमधल्या बहुतेक रिसॉर्टना येत नाही. पण अगदी पहिल्यापासून शिकायचं असेल तर माझं मत चीनच्या बाजूने आहे. एक म्हणजे उंचीचा त्रास नाही. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे रोपवे, तुम्हाला जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो, तर बीजिंगजवळच्या चोंगलीतल्या वानलोंग रिसॉर्टचा माथा २,११० मीटरच्या आसपास आहे. ईशान्य चीनमधल्या याबुलीचा डोंगर तर १,३७४ मीटरचा. म्हणजे महाबळेश्वरइतकाच.

दुसरं कारण म्हणजे व्यवस्था. नवशिक्यांचे उतार वेगळे आखलेले असतात आणि वर जायला सरकता पट्टा असतो. रात्री मोठमोठी यंत्रं उतारावरून फिरतात, त्यामुळे सकाळी बर्फावर कंगवा फिरवल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. बीजिंगमध्ये २०२२ चं हिवाळी ऑलिम्पिक होणार हे ठरल्यावर चीनने ३० कोटी लोकांना हिवाळी खेळांकडे वळवायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच मोठेपणी शिकणारे. त्यामुळे तिथे तिशी-चाळिशीतल्या माणसाला पडताना पाहून कोणी वळूनसुद्धा बघत नाही. शिकणाऱ्याला याचा केवढा आधार असतो, ते तिथे गेल्यावर कळतं.

नक्की कुठे जायचं?

पहिल्या खेपेसाठी माझं उत्तर चोंगली. हे हेबेई प्रांतातल्या झांगजियाको शहराजवळ आहे. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या फ्रीस्टाइल, स्नोबोर्ड, स्की जंपिंग वगैरे बहुतेक स्पर्धा इथेच झाल्या. ३० डिसेंबर २०१९ ला बीजिंग ते झांगजियाको हायस्पीड रेल्वे सुरू झाली आणि चोंगलीचं रूपच पालटलं. बीजिंगच्या उत्तर स्टेशनवरून किंवा छिंगहे स्टेशनवरून निघायचं आणि साधारण तासाभरात ताइझिचंग स्टेशनला उतरायचं. वाटेत गाडी चीनच्या भिंतीखालून, बादालिंगच्या भुयारी स्टेशनमधून जाते. ते स्टेशन जमिनीखाली शंभर मीटरहून खोल आहे, पण आत बसून काहीच जाणवत नाही. चोंगलीत वानलोंग, थायवू, युनदिंग, फूलोंग अशी रिसॉर्ट एकमेकांपासून जवळ आहेत. वानलोंग जुनं, २००३ सालचं, आणि स्की येणाऱ्यांचं लाडकं. नवशिक्यांनी आणि मुलं बरोबर असणाऱ्यांनी थायवू किंवा फूलोंग बघावं. फूलोंगला रात्रीही दिव्यांच्या उजेडात स्की करता येतं.

दुसरा पर्याय ईशान्येचा. हार्बिनहून हायस्पीड गाडीने पूर्वेकडे निघालं की तासाभराने याबुली-पश्चिम स्टेशन येतं. १९९६ च्या आशियाई हिवाळी स्पर्धा आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या नवव्या आशियाई हिवाळी स्पर्धांमधले बर्फावरचे खेळ याबुलीला झाले. थंडी मात्र कडाक्याची.

याबुलीच्या दक्षिणेला जीलिन प्रांत, आणि माझा जीव तिथे जडला आहे. जीलिन शहरालगत सोंगहुआ तलावाचं रिसॉर्ट आहे, आणखी थोडं पुढे बेइदाहू. इथे स्कीइंगइतकंच बघण्यासारखं म्हणजे पहाटेचं झाडांवर जमलेलं दव-बर्फ. फंगमानच्या धरणातून सुटलेलं पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. त्याची वाफ उठते आणि नदीकाठच्या विलो नि पाइनच्या फांदीफांदीवर पांढरी सुयांसारखी जमते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन चढलं आणि वाऱ्याची झुळूक आली की ती सगळी एकदम झडते, अंगावर पिठासारखी. चिनी भाषेत त्याला ‘वूसोंग’ म्हणतात. फक्त यासाठी एक दिवस राखून ठेवा.

चांगबाइशान हा ज्वालामुखीचा डोंगर उत्तर कोरियाच्या सीमेवर आहे. नैसर्गिक बर्फ चांगला, गरम पाण्याचे झरे आहेत, आणि सप्टेंबर २०२५ पासून शनयांगहून हायस्पीड रेल्वेही झाली आहे. शिनजियांगमधल्या अल्तायचा बर्फ देशात सगळ्यात सुंदर. तिथले लोक घोड्याचं कातडं लावलेल्या लाकडी स्कीवर पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. पण अंतर फार, तपासण्या बऱ्याच, आणि घड्याळ बीजिंगचं असल्यामुळे जानेवारीत सकाळी साडेनऊच्या पुढे उजाडतं. हा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा बेत.

तिथला बर्फ नकली असतो म्हणतात, खरं का?

नकली नव्हे, यंत्राने केलेला. २०२२ चं ऑलिम्पिक जवळजवळ पूर्णपणे अशा बर्फावर झालं. कारण आपल्याला ओळखीचंच आहे: मोसमी पाऊस. उत्तर चीनमध्ये वर्षाचं बहुतेक पाणी उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला पडतं. हिवाळा थंडगार, पण कोरडा. त्यामुळे बर्फ टिकायला हवामान उत्तम, पडायला मात्र बेताचं.

मग उतारांच्या कडेला तोफांसारखी यंत्रं लावतात. ती दाबाखालची हवा आणि पाणी मिळून अतिबारीक तुषार उडवतात, आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. नैसर्गिक हिमकणाला सहा नाजूक फांद्या असतात, हे कण मात्र साबुदाण्यासारखे गोल. ते घट्ट बसतात, लवकर वितळत नाहीत. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम: उतार सगळीकडे सारखा मिळतो, आणि पडलं की जास्त लागतं. म्हणून गुडघ्यांना आणि बसायच्या जागी पॅड लावाच.

उत्तर चीनमध्ये मुळात पाण्याची टंचाई आहे, त्यामुळे या बर्फासाठी लागणाऱ्या पाण्यावर टीका होते आणि ती मला रास्त वाटते. ज्यांना हे खटकतं त्यांनी चांगबाइशान किंवा अल्ताय निवडावं.

कधी जावं?

चोंगलीचा मोसम नोव्हेंबरपासून मार्चअखेरीपर्यंत. डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा मार्चचे पहिले दोन आठवडे उत्तम. मार्चमध्ये ऊन असतं, गर्दी कमी असते, दरही उतरतात. जीलिन नि याबुलीला डिसेंबर ते फेब्रुवारी.

चिनी नववर्षाची सुट्टी टाळा. ती तारीख दरवर्षी बदलते. २०२६ मध्ये नववर्ष १७ फेब्रुवारीला होतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, खोल्यांचे दर कितीतरी पटींनी वाढतात, आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत अर्धा दिवस जातो. १ जानेवारीच्या सुट्टीतही थोडंफार तसंच.

आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. तीन दिवसांत स्की येईल का?

उतरायला, वळायला आणि थांबायला येईल. पण पहिले दोन दिवस शिक्षक लावला तरच. पैसे वाचवायचे तर हॉटेल साधं घ्या, शिक्षकात काटकसर नको.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे घाबरायला होणार नाही. सगळ्यात आधी बूट. स्कीचे बूट प्लास्टिकचे, जड, घोट्याला प्लास्टर घातल्यासारखे. मोजा एकच घालायचा, आणि तोही पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन-तीन चढवले की चुण्या पडतात, पाय दुखतो आणि उलट जास्त गार पडतो. बुटात पँट खोचायची नाही, ती बुटावरून घ्यायची. नडगी पुढून घट्ट टेकली पाहिजे, बोटं मात्र हलली पाहिजेत. टाच हलत असेल तर लगेच बदलून मागा, भाड्याच्या काउंटरवर संकोच करू नका. माझा पहिला अख्खा दिवस सैल बुटांमुळे वाया गेला होता. मला वाटत होतं, मलाच जमत नाही.

मग सरकता पट्टा. विमानतळावर असतो तसा, फक्त चढावर. त्याचं चिनी नाव ‘मोथान’, म्हणजे जादूचा गालिचा. स्की सरळ ठेवून उभं राहायचं, गुडघे जरा वाकवायचे, मागे रेलायचं नाही.

आणि मग थांबायला शिकायचं. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची. चिनी लिपीतला आठचा आकडा म्हणजे छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, म्हणून शिक्षक खालून ओरडत असतो, “नेई बा! नेई बा!” म्हणजे पाय आठासारखे आत घे. माझ्या कानात अजून तो आवाज आहे. घाबरलं की माणूस आपोआप मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की आणखी वेगाने पळते. अंग पुढे, नजर दूर, स्कीच्या टोकांकडे बघायचं नाही. पडलात तर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, मग उठा. नाहीतर अर्धवट उठताच घसरायला लागाल.

उतारावर तुम्हाला मोठी माणसं पाठीमागे हिरवं कापडी कासव बांधून उतरताना दिसतील. ती खास पडण्यासाठीची उशी आहे, गुडघ्यांवरही छोटी कासवं असतात. अवश्य बांधा. त्याने खरंच लागत नाही, आणि मागून येणाऱ्यांना लांबूनच कळतं की हा शिकाऊ आहे.

स्की शिकू की स्नोबोर्ड?

तीन दिवस असतील तर स्की. स्नोबोर्डचा पहिला दिवस बहुतेक मनगटांवर आणि बुडावर जातो. चीनमधल्या तरुणांचा ओढा मात्र बोर्डकडे. चिनीत स्की म्हणजे ‘श्वांगबान’, दोन फळ्या, आणि बोर्ड म्हणजे ‘दानबान’, एक फळी. काउंटरवर एवढे दोन शब्द आले तरी काम होतं.

शिक्षकाला इंग्रजी येतं का?

चोंगलीच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये आधी कळवलं तर इंग्रजी बोलणारा मिळतो. बाकी ठिकाणी भाषांतराचं ॲप आणि हातवारे. नेई बा म्हणजे ब्रेक, मान् दियान म्हणजे हळू, थिंग म्हणजे थांब. एवढं पाठ करून जा.

लहान मुलं आणि आई-बाबा बरोबर आहेत. ते काय करतील?

साधारण पाच-सहा वर्षांपासून मुलांचे वर्ग असतात आणि मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. भावाची मुलगी नऊ वर्षांची. दुसऱ्या दुपारी ती आम्हाला मागे टाकून खाली उभी राहून वाट बघत होती.

आई-बाबांसाठी मी रिसॉर्टपेक्षा शहर सुचवीन. बीजिंगमध्ये जानेवारीत श्छाहाइ तलाव आणि समर पॅलेसमधला खुनमिंग तलाव गोठला की त्यावर लाकडी खुर्च्या ठेवतात. खाली पोलादी पट्ट्या, हातात दोन टोकदार काठ्या. खुर्चीत बसायचं आणि काठ्या रोवत बर्फावरून सरकायचं. माझ्या सासूबाईंनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, शालीवर जॅकेट चढवून, तासभर ही खुर्ची सोडली नाही.

थंडी किती असते? कपडे काय घ्यावेत?

चोंगलीत दिवसा उणे दहाच्या आसपास, वारा सुटला की बोचरी. हार्बिनला जानेवारीतल्या रात्री उणे पंचवीस सहज. तिथे श्वास घेतला की नाकातले केस आतल्या आत चिकटतात आणि मास्क लावला असेल तर पापण्यांवर पांढरं साचतं. सुरुवातीला दचकायला होतं, मग मजा वाटते.

कपडे थरांनी घालायचे, कारण उत्तर चीनमध्ये इमारतींच्या आत हिटिंग जोरात असतं. बाहेर उणे वीस आणि दुकानात अधिक बावीस. एकच जाड कोट असेल तर आत घामाघूम, आणि घाम घेऊन बाहेर आलं की गारठा. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, सुती नको. सुती कपडा ओला झाला की ओलाच राहतो. मधे फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. स्कीची पँट आणि जॅकेट भाड्याने मिळतं. हातमोजे, गॉगल आणि कानटोपी मात्र स्वतःची घ्या. ‘न्वान बाओबाओ’ नावाच्या गरम होणाऱ्या पट्ट्या तिथे प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. त्या कपड्यावर चिकटवा, कातडीवर कधीच नको, भाजतं. एक पट्टी फोनमागे लावा, कारण थंडीत फोन चाळीस टक्के दाखवत असतानाच बंद पडतो आणि पैशांसकट सगळं त्यातच असतं.

हार्बिनचा बर्फमहोत्सव आणि स्कीइंग एकाच सहलीत जमेल का?

जमेल, हार्बिन आणि याबुली अशी जोडी केली तर. चोंगलीला जोडायचं असेल तर बीजिंग-हार्बिन हायस्पीडला पाचेक तास धरा.

महोत्सव १९८५ पासून भरतो आणि उद्घाटन ५ जानेवारीला होतं. त्याआधीपासूनच, १९६० च्या दशकात, तिथे बर्फाच्या कंदिलांचं प्रदर्शन भरत असे. पूर्वी बादलीत पाणी गोठवायचं, मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं आणि पोकळीत दिवा ठेवायचा. कोळी लोक असे दिवे वापरत, असं सांगतात. आता डिसेंबरमध्ये सोंगहुआ नदी गोठली की करवतीने तिच्या लाद्या कापतात आणि त्यातून किल्ले, मनोरे उभे राहतात. लादी हाताने चाचपून बघा. काचेसारखी आरपार, आत नदीचे बुडबुडे अडकलेले. बर्फनगरीत दुपारी साडेतीनच्या सुमारास शिरा. चारनंतर लगेच अंधारतं आणि दिवे लागताना बघायला मिळतात. मोठ्या घसरगुंडीसाठी त्या दिवशीचं बुकिंग आधी करा.

झोंगयांग रस्त्यावर लोक उणे वीसमध्ये मादिएरचं आइस्क्रीम खात उभे असतात. तुम्हीही खा. ते वितळतच नाही, त्यामुळे सावकाश खाता येतं.

शाकाहारी माणसाचं कसं?

ईशान्येत ‘दी सान श्येन’ नावाची भाजी मिळते: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, लसणीच्या रस्स्यात. आपल्या जिभेला लगेच आवडते. पण रस्सा मांसाचा असू शकतो, म्हणून विचारून घ्या. झांगजियाकोकडे ओटच्या पिठाच्या छोट्या नळकांड्या वाफवून देतात, ‘योमियन’. त्यांच्याबरोबर बहुतेकदा मटणाचा रस्सा येतो, तेव्हा टोमॅटोचा मागा. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. तरीही अंडं आणि मासा चालतो असा समज होऊ शकतो, म्हणून नको असलेल्या गोष्टींची यादी चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. रस्त्यावरचं भाजलेलं रताळं नि गोड पाकातली फळं बिनधास्त खा. जैन मंडळींनी थेपले, खाकरे आणि प्रवासी कुकर नेलेला बरा. रिसॉर्टच्या आवारात पर्याय कमी असतात.

पैसे, फोन, तिकिटं?

अलीपे आणि वीचॅटला आता परदेशी क्रेडिट कार्ड जोडता येतं. ते भारतातच जोडून, ओळख पडताळून घ्या. थोडे युआन रोख ठेवा. स्कीच्या साहित्यासाठी अनामत भरावी लागते, परत करताना पावती मागतात, ती सांभाळा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाही. भारतीय सिमचं रोमिंग असलं तर चालतं. रेल्वेचं तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं आणि स्टेशनवर पासपोर्टच दाखवायचा असतो. लिफ्टचे पास अर्ध्या दिवसाचे, पूर्ण दिवसाचे, रात्रीचे. पहिल्या दिवशी अर्ध्याच दिवसाचा घ्या, त्यापलीकडे पाय साथ देत नाहीत.

व्हिसा आणि विमान?

भारतीय पासपोर्टला पर्यटक व्हिसा लागतो. इंटरनेटवर २४० तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटचे व्हिडिओ दिसतात, ती सवलत भारतीय पासपोर्टला नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना ती मिळते, पण पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं हवं. थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझूपासून पुन्हा सुरू झाली. मुंबईहून निघणाऱ्यांनी हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गेही भाडं पडताळून बघावं.

विमा?

नेहमीच्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात. आमच्याबरोबर आलेल्या एकीचं मनगट मोडलं आणि विमा कंपनीने नेमकं तेच कलम दाखवलं. ‘हिवाळी खेळ समाविष्ट’ हे शब्द पॉलिसीत छापलेले दिसल्याशिवाय पैसे भरू नका. आणि हेल्मेट घाला. ते कधीकधी साहित्याच्या भाड्यात धरलेलं नसतं, वेगळं मागावं लागतं.

मी कामासाठी ग्वांगझू आणि शांघायला जातो. तिथे काही आहे का?

आहे. ग्वांगझूला २०१९ पासून बंदिस्त स्की केंद्र आहे. शांघायला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं केंद्र तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं बंदिस्त स्की केंद्र ठरलं. प्रदर्शनाच्या धामधुमीत एक संध्याकाळ काढून इथे बूट, पट्टा आणि नेई बा एवढं शिकून घेतलंत, तर डोंगरावर गेल्यावर तुमचा पूर्ण एक दिवस वाचतो. कपडेही भाड्याने मिळतात.

ऑलिम्पिकच्या जागा बघता येतात का?

हो. चोंगलीतली ‘श्वे रूयी’ ही स्की जंपिंगची उतरण लांबूनही दिसते. बीजिंगमध्ये शोगांगच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या शीतमनोऱ्यांशेजारी उभी असलेली बिग एअरची (हवेत उडून कसरती करायच्या स्पर्धेची) उतरण चुकवू नका, तिथे चीनच्या गु आयलिंग आणि सू यिमिंगने सुवर्णपदकं जिंकली. बीजिंगच्याच यानचिंग भागातल्या शियाओहायतुओ डोंगरावर अल्पाइन, म्हणजे उतारावरून वेगाने उतरायच्या, स्पर्धा झाल्या. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकटा आरिफ खान उतरला होता, काश्मीरचा. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खुणांच्या फाटकांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, तो पंचेचाळिसावा आला. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि कितीतरी जण शर्यत पूर्ण करू शकले नव्हते. तो उतार खालून बघितला की पंचेचाळिसावा म्हणजे काय ते समजतं.

हेबेईत येणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक जागा सांगावीशी वाटते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच प्रांतात जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला गेले. प्रांताची राजधानी शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे. बीजिंगहून हायस्पीडने दीडेक तास.

एकूण किती दिवस काढावेत?

प्रवास धरून नऊ. दोन दिवस बीजिंग, चार रात्री चोंगली, उरलेले पुन्हा बीजिंग. चोंगलीत सलग तीन दिवस शिका, चौथ्या दिवशी फक्त मनाला येईल तसं उतरा. बीजिंग, हार्बिन, जीलिन आणि अल्ताय आठ दिवसांत बसवलेला कार्यक्रम कोणी देऊ केला तर तो घेऊ नका, त्यात स्की पायात बांधायलाच वेळ उरत नाही. परतीच्या प्रवासात स्टेशनवर जिना उतरायची वेळ येऊ नये म्हणून फलाटावरच्या लिफ्टजवळचा डबा धरा. मांड्या इतक्या दुखत असतात.